धंदा जमला म्हणजे सरकार जमेलच?
‘ज्याने कंपनी नफ्यात आणली, तो देशही चालवेल’ हा समज निवडणूक आली की हमखास डोकं वर काढतो. अमेरिकेचा इतिहास पाहा. खाणधंद्यात गडगंज कमावलेले हर्बर्ट हूवर १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. महामंदीत हात टेकले आणि १९३२ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं. उलट पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रुमन यांचं कॅन्सस सिटीतलं कपड्यांचं दुकान १९२२ मध्ये बुडालं, कर्ज फेडण्यात वर्षं गेली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपला सावरणारी मार्शल योजना त्यांच्याच कारकिर्दीतली. (दोन उदाहरणांनी नियम होत नाही, हे कबूल.) मालक तोट्यातली शाखा बंद करतो; सरकारला तोट्यातला जिल्हा बंद करता येत नाही. खर्चाला कायदेमंडळाची मंजुरी लागते, आणि विरोधकांना नोकरीवरून काढायची सोय नसते. ताळेबंद वाचायची सवय तेवढी कामी येते.