नदीपलीकडच्या रानडुकरावर गोळी झाडता येते का?

‘नदी कुणाच्या मालकीची नसते, म्हणून परवान्याची बंदूक असेल तर होडीतून किंवा या काठावरून त्या काठावर शिकार चालते,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय.

काही देशांत पाण्यावरून गोळी झाडण्याचे वेगळे नियम आहेत, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. आपल्याकडे मात्र मालकीचा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 9 अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार मनाई करतं, मग जागा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असो, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) असो की गोव्यातल्या मांडवी नदीचं पात्र. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. कलम 2(16) तर जरूर वाचा. फास लावणं, जखमी करणं आणि त्याचा नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा होतो.

पीकरक्षणाचा परवाना शस्त्र कायदा, 1959 खालचा. तो बंदूक बाळगण्यापुरता. प्राणी मारायला कलम 11 खालचा लेखी, सकारण आदेश लागतो. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं केलेला वार हा मात्र अपवाद.

पलीकडे गोव्यातल्या चोडण बेटावर आहे तसं पक्षी अभयारण्य असेल, तर शिकारीला किमान 3 वर्षं कैद.

शिवाय तिरपी लागलेली गोळी पाण्यात बुडतेच असं नाही. ती उसळून पुढे जाते. पलीकडे मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) कुणी उभा असेल तर?

दोन्ही कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपला परवाना कोणत्या उद्देशासाठी आहे, हेही तपासा. डुकरं पीक नासत असतील तर नुकसानीचे फोटो काढून जवळच्या वन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.