आयएसओ २००००-१ सर्टिफिकेट: कंपनीने अर्ज कसा करायचा, काय कागद लागतात

आयएसओ २००००-१ म्हणजे कंपनी आपल्या सर्व्हिस, मुख्यतः आयटीच्या, नीट सांभाळते का हे तपासायचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. आधी एक घोळ मिटवतो. आयटिलचं (आयटी सर्व्हिस कशी चालवावी याच्या पद्धतींचा संच) सर्टिफिकेट कंपनीला मिळत नाही, परीक्षा देणाऱ्या माणसाला मिळतं. आमच्या पणजीच्या ऑफिसात चौघांनी फी भरून परीक्षा दिली आणि टेंडर भरायला बसल्यावर कळलं की टेंडरवाल्यांना कंपनीचं आयएसओ २००००-१ हवंय, २०१८ची आवृत्ती.

कंपनी केवढीही चालते, दहा जणांची असली तरी. फक्त सगळंच काम बाहेर देऊन तुम्ही नुसते बिल फाडत असाल तर जमणार नाही, सर्व्हिसची जबाबदारी नि कंट्रोल तुमच्याकडे दिसायला हवा.

अर्ज सर्टिफिकेशन बॉडीकडे (ऑडिट करून सर्टिफिकेट देणारी संस्था) करायचा, आयएसओ स्वतः सर्टिफिकेट देत नाही. त्या बॉडीला एनएबीसीबीची (अशा बॉडींना मान्यता देणारं भारतातलं बोर्ड) मान्यता आहे का आणि ती २००००-१ साठीच आहे का हे पैसे भरायच्या आधी बघा. आणि जी बॉडी म्हणते कागदही आम्हीच बनवून देतो, ऑडिटही आम्हीच करतो, तिथून सरळ उठून या, तसं चालतच नाही. अर्जात कंपनीचा रजिस्ट्रेशनचा दाखला, जीएसटी, माणसं किती, ऑफिसं किती आणि स्कोप (सर्टिफिकेटमध्ये कुठलं ऑफिस, कुठली सर्व्हिस धरायची ते) हे सगळं द्यायचं, यावरूनच ऑडिटचे दिवस नि फी ठरते. स्कोप लहान ठेवा, वेर्ण्याच्या ऑफिसातला हेल्पडेस्क एवढा धरला तरी पुरतं.

कागदांत सर्व्हिस मॅनेजमेंट पॉलिसी नि प्लॅन, सर्व्हिस कॅटलॉग (देता त्या सर्व्हिसची यादी), कस्टमरशी ठरलेले एसएलए (सर्व्हिस कशी नि किती वेळात द्यायची याचे करार), चेंजची नि मोठ्या इन्सिडंटची (सर्व्हिस बंद पडणं वगैरे) प्रोसीजर, शिवाय इंटर्नल ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू आधीच झालेला हवा, बरेच जण इथेच अडकतात.

ऑडिट दोन टप्प्यांत. पहिल्यात मुख्यतः कागद बघतात, दुसऱ्यात काम. आमच्याकडे ऑडिटर बाईंनी जुलैतलं एक तिकीट (हेल्पडेस्कवरची तक्रारीची नोंद) उघडलं, पावसात लाइट गेली, यूपीएस बसला, सर्व्हर बंद. शेरा काय, तर "झालं". कोणी केलं, किती वाजता, परत होऊ नये म्हणून काय केलं, सगळं व्हॉट्सॲपवर! तिथंच मायनर नॉनकन्फॉर्मिटी (छोटी त्रुटी) लागली, सुधारणा लिहून दिली तेव्हा सर्टिफिकेट आलं.

ते तीन वर्षं चालतं, मध्ये दर वर्षी सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे सगळं अजून पाळताय ना याची तपासणी. तारीख देताना चतुर्थीचा आठवडा टाळा, तेव्हा आमच्या ऑफिसात फक्त राउटर हजर असतो.