डांबराच्या गोळ्या आणि एक जनुक

बाळ येणार म्हटलं की माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. थोरल्याची झबली, टोपडी, आजीच्या लुगड्याची मऊ दुपटी, आणि सगळ्यांत मुरलेला डांबराच्या गोळ्यांचा वास. बहुतेक घरांत याने काही बिघडत नाही. पण बाळाच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असेल, तर त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन त्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतं. मग कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला कायमची इजा व्हावी. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नका.

हे एन्झाइम बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यामुळे हा दोष मुलांत जास्त दिसतो, पण मुली त्यातून पूर्ण सुटत नाहीत.

जी६पीडी शरीरातल्या सगळ्याच पेशींत असतं. मग झळ तांबड्या पेशीलाच का? कारण ती पक्व होताना केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) दोन्ही टाकून देते. मग तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही आणि दुसरी वाटही उरत नाही. प्राणवायू वाहताना आत तयार होणारे घातक रेणू निवळायला तिला ग्लुटाथिओन नावाचं संरक्षक रसायन लागतं. वापरलेलं ग्लुटाथिओन पुन्हा ताजं व्हायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो, आणि तांबड्या पेशीत तो तयार होण्याची वाट जी६पीडीवरूनच जाते. एन्झाइम तोकडं पडलं की बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे पेशीच्या कडेला चिकटतात. प्लीहा ते खुडून काढते. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी कडेने चावा घेतलेल्या बिस्किटासारखी दिसते.

याचा छडा लागला तो हिवतापाच्या औषधामुळे. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग चालत. काहींच्या, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या कैद्यांच्या, तांबड्या पेशी भराभर फुटत. १९५६ साली कारण सापडलं. आज आपल्याला जे कळतं त्याची किंमत त्या कैद्यांनी मोजली आहे.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत हा दोष आहे, आणि तो हिवतापाच्या पट्ट्यातच जास्त, कारण हिवतापापासून तो थोडंफार संरक्षण देतो. पण व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचे यकृतात दडलेले जंतू मारायला मुख्यतः प्रायमाक्विनच देतात, म्हणजे नेमकं तेच औषध इथे घातक. भारतात या जनुकाचे मेडिटरेनियन, ओडिशा आणि केरळ-कल्याण हे प्रकार मुख्यतः आढळतात. यातलं कल्याण आपलंच. तो प्रकार एका कोळी कुटुंबात सापडला होता.

हा दोष असलेल्यांना बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) शेंगांनीही हाच त्रास होऊ शकतो. आपले वाल मात्र वेगळे. दोन्हींची गल्लत करून बिरड्यावर फुली मारू नका.

प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं औषध) सुरू केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. तपासणी साधी, रक्ताची. फक्त एक मेख आहे: पेशी फुटण्याचा झटका आला की जुन्या, एन्झाइम संपत आलेल्या पेशी आधी फुटतात आणि उरतात त्या तरुण, भरल्या पेशी. त्यामुळे तेव्हाचा रिपोर्ट चांगला येऊ शकतो. शंका असेल तर साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगा.