जास्तीची गुणसूत्रं (रानातले उंदीर)

नेहमीच्या जोड्या सोडून काही उंदरांच्या पेशीत जी वरची गुणसूत्रं सापडतात ती बी क्रोमोसोम. ती नसली तरी उंदीर धडधाकट जगतो. किड्यांमधली अशी गुणसूत्रं ई. बी. विल्सन यांनी १९०७ च्या सुमारास नोंदवली, बी हे नाव मात्र रँडॉल्फ यांनी १९२८ मध्ये मक्याच्या अभ्यासातून दिलं.

आधी एक गोंधळ काढून टाकावा लागतो. भंडारा-गोंदियाकडं धानाच्या पुंजण्यात नि घराच्या आढ्यात दिसणारा काळा उंदीर घ्या, जपानी संशोधक योसिदा यांच्या कामानुसार त्याच्या आग्नेय आशियातल्या प्रकारात ४२ गुणसूत्रं आणि भारतातून युरोपाकडं पसरलेल्या प्रकारात ३८, पण हा फरक दोन-दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटल्यानं पडलाय, त्यात जास्तीचं काहीच नाही. बी गुणसूत्र या आकड्याच्या वर येतं.

बी गुणसूत्राचा वारसा अर्ध्या-अर्ध्याच्या हिशोबानं चालेलच असं नाही. धुऱ्यावरचं बीळ उकरून धरलेल्या गाभण मादीत एकच बी आहे, नरात नाही, तर आठ पिल्लांत सरासरी चार जणांत ते दिसायला पाहिजे. बरीच बाळंतपणं मोजून सतत जास्त निघालं तर ते अंड्याच्या बाजूला सरकतंय असं समजतात, कारण मादीत विभागणीतली एकच पेशी अंडं होते, बाकीच्या वाया जातात. सगळ्या जातींत असं सरकणं दिसत नाही. एका-दोन बाळंतपणांवरून तर काहीच बोलू नये.

ही आली कुठून यावर जुना वाद आहे. काही जण दुसऱ्या जातीशी झालेल्या संकराकडं बोट दाखवतात, काही म्हणतात नेहमीच्याच गुणसूत्राचा तुकडा सुटून प्रती वाढल्या. उंदरांपुरतं दुसरं मत जास्त पटतं. सायबेरिया-कोरियाकडच्या अपोडेमस पेनिन्सुली या रानउंदरात नेहमीची ४८ असतात, वर वीसहून जास्त बी सापडलीत, आणि त्यांतला बराच डीएनए नेहमीच्या गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरजवळचाच (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळचा) निघाला. काळ्या उंदराच्या बी गुणसूत्रांवर रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांच्या) जनुकांच्या बंद पडलेल्या प्रती पसरलेल्या आहेत, हे २००० साली दाखवलं गेलं.

मोजायला मांडीच्या हाडातला मगज घेतात, कोल्चिसिननं विभागणी थांबवतात, पातळ द्रावणात पेशी फुगवून काचेवर थेंब टाकतात नि गिम्सानं रंगवतात. पण अपोडेमस रानउंदरात एकाच अंगातल्या पेशींत आकडा वेगवेगळा निघतो, म्हणून मगजातल्या मोजणीवरून पिल्लांकडं काय गेलं ते ठरवता येत नाही, त्यासाठी नराच्या वृषणातल्या नि मादीच्या अंडाशयातल्या जननपेशीच बघाव्या लागतात.