मजुरीवर काम की मालासकट? मिस्त्रीच्या हाताखालून नुकत्याच सुटलेल्या प्लंबरसाठी

स्वतःची कामं घ्यायला लागलं की घरगुती गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच टाकतं, "मालासकट किती आणि नुसती मजुरी किती?" नवा प्लंबर दोन आकडे सांगून मोकळा होतो. दुसरा आकडा बहुतेक वेळा पहिल्यातून मालाचा अंदाज वजा करून आलेला असतो. त्याच्या लेखी फरक इतकाच, की दुकानात कोण जाणार.

मजुरीवर काम घेतलं की तुम्ही हात आणि अक्कल विकता. मालासकट काम अंगावर घेतलं की तेच हात राहतात, पण वर दुकानदारी येते, उधारी येते आणि तुम्ही न बनवलेल्या वस्तूची हमीही गळ्यात पडते. हा जादा धंदा तुम्ही किती पैशांत करताय, ते आधी मांडून बघा.

हजेरी आणि उक्तं यांचा घोळ इथे घालू नका. रोजावर जायचं, पॉइंटवर (नळाच्या प्रत्येक जोडणीमागे) भाव करायचा की अख्खं बाथरूम उक्तं (एकरकमी) घ्यायचं, हा मजुरी मोजायचा प्रश्न आहे. माल कोणाचा हा वेगळा प्रश्न.

समजा, डोंबिवलीतल्या एका फ्लॅटचं एक बाथरूम आहे. जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन काढून कन्सील्ड (भिंतीत गाडलेली) सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी झेपणाऱ्या प्लास्टिक पाइपची लाइन टाकायची, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा वॉल्व्ह), वॉल हंग कमोड, वॉश बेसिन. टाइल्स आणि वॉटरप्रूफिंग दुसऱ्याकडे. मजुरी २८,००० ठरली. बिगारी, टेम्पो आणि कटरची ब्लेडं मिळून ६,००० गेले. उरले २२,०००. आता हेच मालासकट. माल ७२,०००, मजुरी २८,०००, मालावर १० टक्के धरून आकडा १,०७,२०० होतो आणि घासाघीस होऊन १,०५,००० वर तुटतो. खर्च वजा जाता उरतात २७,०००. म्हणजे ७२,००० चा माल निवडणं, आणणं, सांभाळणं, बदलून घेणं, सगळ्याचे मिळून ५,००० जास्त. डायव्हर्टरची बॉडी एका कंपनीची आणि वरची प्लेट दुसऱ्या मॉडेलची आली, दुकानदाराने उघडलेला बॉक्स परत घेतला नाही, की हे पाच हजार तिथेच संपले.

शेवटच्या हप्त्याचा खेळ याहून वाईट. काम संपलं की "थोडं बघू, पंधरा दिवस वापरून बघू" म्हणत गिऱ्हाईक पैसे अडकवतंच, त्यात त्याची फार चूकही नसते. पण किती अडकवायचे हे ते एकूण रकमेकडे बघून ठरवतं. मजुरीच्या कामात चार-पाच हजार राहतात. मालासकटच्या कामात सहज २०,००० राहतात, आणि दुकानदार तर थांबत नाही. मग २७,००० पैकी हातात सात. हेच दोन-तीन कामांत एकदम झालं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्समधून मागच्या दुकानाचं देणं भागवायची सवय लागते. या धंद्यातली बरीच माणसं कामात कच्ची असतात म्हणून नाही, या सवयीमुळे बुडतात.

भावही स्थिर नसतात. पीव्हीसीच्या कच्च्या मालाचे दर हलले की पाइप कंपन्या नवी यादी काढतात, पितळ महागलं की नळ महागतात. कोटेशन आज दिलं आणि गिऱ्हाइकाने गणपतीनंतर काम काढलं, तर फरक कोणी भरायचा? कागदावर "मालाचे भाव १५ दिवसांपुरते" असं लिहिलं नसेल तर तुम्हीच.

मग मजुरीवरच राहावं का? सुरुवातीला तरी हो, माझं मत स्पष्ट आहे. पण मजुरीवर म्हणजे मालाकडे डोळेझाक नव्हे. यादी तुम्हीच द्यायची, आणि ती दुकानातल्या पोराला फोनवरून वाचून दाखवली तरी कळेल अशी. नुसतं "सीपीव्हीसी पाइप पाऊण इंची" लिहिलं तर दुकानदार स्वस्तातला एसडीआर १३.५ चा देईल (एसडीआर म्हणजे पाइपचा व्यास भागिले भिंतीची जाडी; आकडा लहान, तर पाइप जाड). गरम पाण्याच्या कन्सील्ड लाइनला एसडीआर ११ हवा असेल तर तसं लिहा, आणि पाइपवर आयएस १५७७८ (सीपीव्हीसी पाइपचं भारतीय मानक) छापलंय का हे गिऱ्हाइकाला बघायला सांगा. जोड चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच, यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचं) डबडं उरलंय म्हणून तेच नाही. ब्रास थ्रेडचे एल्बो किती, एंड प्लग किती, न्हाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा, वास अडवणारा भाग) किती उंचीचा. टेफलॉन, क्लँप, ब्लेड असला किरकोळ माल मजुरीतच धरून स्वतःचा न्यावा. वीस रुपयांच्या टेपसाठी गिऱ्हाइकाला खाली पाठवणारा प्लंबर पुन्हा बोलावला जात नाही.

या दोन पद्धतींच्या मधोमध एक चोरवाट आहे. काम मजुरीवर, पण गिऱ्हाइकाला ठरावीक दुकानात न्यायचं आणि मागून टक्का घ्यायचा. दुकानदार स्वतःहून देतो, सगळेच घेतात, हेही खरं. पण गिऱ्हाईक हल्ली दुकानात उभं राहून फोनवर भाव बघतं. एकदा त्याला वास आला की तुमच्या मजुरीचा आकडाही खोटा ठरतो. शिवाय नळ गळला की "तुम्हीच सांगितलेलं दुकान" म्हणून हमी तुमच्या गळ्यात. मालासकट कामाची जबाबदारी आणि मजुरीच्या कामाचे पैसे, असा हा सौदा. माल निवडायला सोबत जायचं असेल तर त्या फेरीचे पैसे उघड लावा.

गळतीच्या वेळी दोन्ही पद्धती खऱ्या अर्थाने वेगळ्या पडतात. गिऱ्हाइकाच्या नावावर बिल असेल तर फिटिंगच्या वॉरंटीसाठी ते स्वतः कंपनीला फोन करू शकतं. तुमची जबाबदारी जोडकामाची. मालासकट असेल तर नळाच्या ओतकामात भोक निघालं तरी त्याच्या दृष्टीने चोर तुम्हीच. टाइल फुटली तर तीही तुम्हीच बसवायची. सेवेत कसूर झाल्याची तक्रार ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून २ वर्षांत करता येते, आणि तिथे "माल कंपनीचा होता" एवढं म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका.

म्हणून काम कुठल्याही पद्धतीचं असो, टाइल लागायच्या आधी प्रेशर टेस्ट घ्याच. सोल्युशन पुरतं सुकू द्या, सगळे पॉइंट प्लग करा, मिक्सरच्या जागी गरम आणि थंड लाइन होजने जोडा. पाणी भरताना सगळ्यात वरचा प्लग सैल ठेवून हवा पूर्ण काढा, नाहीतर प्रेशर गेजचा काटा खोटं बोलतो. मग हातपंपाने ७ ते १० किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब चढवा आणि रात्रभर सोडा. सकाळी गिऱ्हाइकासमोर काटा बघायचा, तारखेसकट फोटो काढून त्याच्याच व्हॉट्सॲपवर टाकायचा. पुढे टाइलवाल्याने ड्रिलने पाइप फोडला तर हा फोटो तुमच्या बाजूने बोलतो.

कराचा भाग थोडक्यात, कारण तिथेही गोंधळ मालाचाच आहे. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना, आपल्याला नाही. वरच्या हिशेबाची १८ बाथरूमं मजुरीवर केली तर उलाढाल ५ लाख ४ हजार. मालासकट केली तर १८ लाख ९० हजार, म्हणजे कमाई फार तर ९० हजारांनी जास्त, आणि तुम्ही उंबरठ्यावर. आणखी दोन कामं घेतलीत की नोंदणी, आणि घरगुती गिऱ्हाइकाला त्या कराचा परतावा मिळत नसल्याने ते तुमच्याकडेच सूट मागणार. मजुरीच्या कामात मालाचे पैसे आपल्या खात्यावर घेऊच नका. दुकानाचा क्यूआर गिऱ्हाइकानेच स्कॅन करावा.

सोसायटीचं काम घेतलंत, तर एका बिलाचे ३०,००० किंवा वर्षाचे १ लाख ओलांडले की सोसायटी १ टक्का टीडीएस (बिलातूनच आधी कापून भरायचा आयकर) कापते, आणि मालासकटच्या बिलावर तो मालावरही कापला जातो. पॅन दिला नाहीत तर २० टक्के. पॅन दिलेला असेल तर रिटर्न भरलं की कापलेला टीडीएस तुमच्या करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. घरमालक स्वतःच्या घराच्या असल्या कामावर कापत नाही. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) मोफत आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

मालासकट कामाकडे वळायचं, तर आधी दोन कामांचा माल स्वतःच्या पैशाने भरता येईल इतकी गंगाजळी हवी. दुकानाशी न उघडलेला माल परत घेण्याची बोली हवी. आणि हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले हवेत: माल उतरण्याआधी मालाची पूर्ण रक्कम, टेस्टनंतर निम्मी मजुरी, फिटिंग झाल्यावर उरलेली. मालाचे पैसे आधी द्यायला जो तयार नाही, त्याला यादी द्या आणि मजुरीवर काम करा.

दुरुस्तीच्या फेऱ्यांना यातलं काही लागू नाही. गळका अँगल कॉक, न भरणारी फ्लश टाकी, तुंबलेला बॉटल ट्रॅप अशा कामांत माल तुमचाच असतो, कारण लोक "आत्ता करा" म्हणूनच बोलावतात. पिशवीत वॉशर, स्पिंडल, कनेक्शन पाइप, बॉल कॉक ठेवा, फेरीचे पैसे दारात शिरण्याआधी सांगा, आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या.