पार्श्वभूमी : रात्र मोजणारी रोपं आणि बदललेली हवा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या काकूंनी मनालीहून आणलेलं देवदाराचं रोप आहे. पहिल्या पावसाळ्यात ते टिकलं. मग शेंड्यावर तांदळाच्या दाण्याएवढी तपकिरी कळी (फुलाची नव्हे, पुढच्या वाढीची) धरून जे थांबलं, ते थांबलंच. खवल्यांनी घट्ट मिटलेली ती कळी काकू रोज चष्मा लावून पाहतात. “अहो, अजून थोडं खत घालू का?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. ठाण्याचा उकाडा हे पहिलं कारण, ते मी सांगितलं. शिवाय थंड प्रदेशातल्या अनेक सूचिपर्णी, म्हणजे फुलांऐवजी शंकू धरणाऱ्या, झाडांची कळी एकदा मिटली की काही आठवडे थंडी मिळाल्याशिवाय नीट उघडत नाही. पण काकूंचा प्रश्न साधा नाही. जास्त खाऊ घातलं तर झाड आपली वेळ मोडून वाढेल का, हाच प्रश्न घेऊन शास्त्रज्ञ गेली अनेक दशकं चीड, पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांच्या रोपांपाशी बसले आहेत. त्यांच्या बाबतीत खत म्हणजे हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड, आणि वेळ म्हणजे दिनमान, दिवसाची लांबी.

आपल्याकडे सूचिपर्णी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे केळव्याची नाहीतर अलिबागची सुरूची बनं येतात. सुरू दिसायला तशी असली तरी ती सपुष्प वनस्पती आहे. बागेच्या कडेला लावलेली मोरपंखी, जिचं पान शाळेत असताना वहीत ठेवलेलं असतं, ती मात्र खरी सूचिपर्णी.

दिनमान हा शब्द पंचांगात रोज छापलेला असतो, पण ठाण्यात त्याचं महत्त्व जाणवत नाही. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, तो इथे खरोखरच तिळाएवढाच वाढतो. डिसेंबरात सुमारे ११ तासांचा दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांवर जातो, बस्स. स्टॉकहोमला तोच दिवस ६ तासांवरून साडेअठरा तासांवर पोहोचतो. तिथल्या झाडाला हिवाळा येतोय हे थंडीआधी रात्र सांगते. थंडी एखाद्या वर्षी उशिरा येईल, लवकर येईल. रात्रीची लांबी तारीख चुकत नाही.

झाडं ही लांबी वाचतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्नुआ या संशोधकाला १९१२च्या सुमारास हॉप (बिअरमध्ये घालतात ती वेल) आणि भांगेच्या रोपांत त्याची चाहूल लागली होती, पण पहिल्या महायुद्धात त्याचा बळी गेला. मग अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूच्या वाणाने चक्रावले. हे वाण उन्हाळाभर उंचच उंच वाढे, फुलायचं नाव नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र निमूट फुले. ऊन, पाणी, खत, उष्णता सगळं तपासून झालं. शेवटी १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी शेतावर एक अंधारी झोपडी बांधली आणि दुपारीच कुंड्या आत ढकलायला सुरुवात केली. दिवस असा हाताने लहान केल्यावर तंबाखू ऐन उन्हाळ्यात फुलली. १९२०च्या त्यांच्या लेखापासून या विषयाला ‘फोटोपिरिऑडिझम’ हे नाव मिळालं.

१९३८ साली हॅमनर आणि बॉनर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढची गाठ सोडवली, तीही शंकेश्वरावर. शंकेश्वर म्हणजे मोकळ्या प्लॉटवर उगवणारं, कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं तण. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर फुलं आणण्याचा तिचा सगळा परिणाम पुसला जातो, हे त्यांना दिसलं. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, अखंड अंधार मोजतं. हा अंधार ओळखणारं फायटोक्रोम हे रंगद्रव्य १९५९ साली अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत हाती लागलं. दरम्यान १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये मॅट्झके याने रस्त्यावरच्या दिव्यांजवळच्या झाडांची पानगळ लांबते, अशी नोंद केली होती. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरून रात्री जाताना मला ती नोंद आठवतेच.

सूचिपर्णींची पाळी इथून येते, आणि रोपांनाच एवढं महत्त्व का, हेही इथेच कळतं. मोठ्या पाइनची यंदाची वाढ बरीचशी गेल्या वर्षीच कळीत घडी घालून ठेवलेली असते. पहिल्या वर्षाच्या रोपाकडे अशी शिदोरी नसते. ते रात्र लांबेपर्यंत वाढत राहतं आणि लांबली की शेंड्यावर कळी धरतं. म्हणून त्याचं घड्याळ उघड्यावर दिसतं. १९५०मध्ये वेअरिंग याने स्कॉट्स पाइनच्या पहिल्या वर्षाच्या रोपांवर हेच अभ्यासलं. १९६०च्या दशकात स्टॉकहोमच्या फायटोट्रॉनमध्ये, म्हणजे उजेड-उष्णता हवी तशी ठेवता येणाऱ्या खोल्यांमध्ये, नॉर्वे स्प्रूसच्या वेगवेगळ्या गावांच्या बिया शेजारी शेजारी वाढवल्या गेल्या. उत्तरेकडच्या रोपांनी दोन-तीन तासांच्या रात्रीलाच वाढ आवरली. मध्य युरोपातल्या रोपांना त्याहून कितीतरी लांब रात्र लागली. एकाच जातीचं झाड, पण बी जिथलं, घड्याळ तिथलं. स्कँडिनेव्हिया आणि कॅनडातल्या रोपवाटिका आज याचाच वापर करतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात रोपांवर काळे पडदे ओढून रात्र लांब करतात, म्हणजे ती वेळेत कळी धरून थंडीसाठी कणखर होतात.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट स्वतंत्र वाटेने आली. १८०४ साली जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने वाटाण्याची रोपं या वायूचं प्रमाण वाढवलेल्या हवेत ठेवली. उन्हात ती जास्त वाढली, सावलीत मात्र उलट नुकसान झालं. हा वायू आणि उजेड एकमेकांशी बांधलेले आहेत हे तेव्हाच दिसलं होतं, पण हवेतलं प्रमाण बदलत असेल याची कुणाला फिकीर नव्हती. १९५८ साली कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भागांच्या, आसपास होतं. उद्योगयुगाआधी २८० होतं. २०२४मध्ये ४२४च्या घरात गेलं. म्हणजे उद्योगयुगाआधीच्या दीडपट. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेऊन हेच मोजायला घेतलं.

मग बंद पेट्यांत, कुंड्यांत रोपं ठेवून दुप्पट वायू देण्याचे प्रयोग सुरू झाले. पहिले काही आठवडे रोपं झपाट्याने वाढत, मग अनेकदा मंदावत. १९९१मध्ये आर्प याने दाखवलं की लहान कुंड्यांतल्या रोपांची प्रकाशसंश्लेषणाची क्षमताच घटते, कारण मुळांना जागा नसल्याने तयार झालेली साखर जाणार कुठे? नंतर नॉर्थ कॅरोलिनात, ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात, १९८३ साली लावलेल्या लोबलॉली पाइनच्या बनात नळ्यांची वर्तुळं उभारून १९९६ ते २०१० उघड्या हवेत २०० पीपीएम जादा वायू सोडला गेला. सुरुवातीला वाढ सुमारे चौथाईने वाढली. पण जिथे मातीत नत्र कमी, तिथे तो फायदा फार टिकला नाही. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे आधीच ठाऊक असतं : नुसता युरिया ओतून भागत नाही, जमिनीत बाकीचंही असावं लागतं.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या गेल्या तीसेक वर्षांत. १९९४ साली सिट्का स्प्रूसच्या रोपांवर झालेल्या कामात जादा कार्बन डायऑक्साइडने हंगाम लांबवला नाही. उलट कळी शरदात लवकर धरली गेली आणि वसंतात उशिरा उघडली. पोषण भरपूर दिलं की मात्र हा परिणाम कमी झाला. पोट भरलेलं रोप जास्त दिवस वाढेल, हा सरळ हिशोब तिथे चुकला. २०१६मध्ये पांढऱ्या पाइनच्या रोपांवर कॅनडात झालेल्या प्रयोगाचं चित्र अधिक काळजीचं आहे. शरदातली रात्र लांबत असताना जादा ऊब आणि जादा वायू मिळालेल्या रोपांनी अन्न तयार करणं लांबवलं, पण थंडीला तोंड देण्याची तयारी कच्ची ठेवली. कोठार भरलेलं, अंगावर घोंगडी नाही, आणि पुढच्या रात्री गोठवणाऱ्या.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नकाशाशी जोडलेली वाटते. उकाडा वाढला म्हणून कॅनडात एखाद्या जातीचं बी उत्तरेला नेलं तर थंडी जुन्या गावासारखी मिळेल, पण रात्री अनोळखी मिळतील, आणि रोप चुकीच्या तारखेला कळी धरेल. हिमालयात तसं नाही. देवदार डोंगरावर पाचशे मीटर वर सरकला तर हवा गार होते, माती आणि पाऊस बदलतात, पण त्याची रात्र मिनिटभरही बदलत नाही. काकूंचं रोप मात्र मनालीहून तेरा अंश दक्षिणेला आलं आहे. तिथे जूनमध्ये सव्वाचौदा तासांचा दिवस असतो, इथे तासाभराने कमी. खताने त्याची रात्र बदलणार नाही, म्हणून मी काकूंना खत थांबवायला सांगितलं.