विषबाण बेडूक : वैविध्य आणि वर्गीकरण

विषबाण बेडूक हे निकाराग्वापासून बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंतच्या दमट जंगलांत राहणारे, बहुतेक दिवसा वावरणारे चिमुकले बेडूक. डेंड्रोबॅटिडी कुलात त्यांच्या २०० हून अधिक जाती आहेत आणि बहुतेकांची लांबी १.५ ते ६ सेंमी. बोटांच्या टोकांवर वरच्या बाजूला कातडीच्या दोन लहान चकत्या असणे, ही त्यांची ठळक खूण.

या नावामुळे, हे सगळेच बेडूक बाणांना विष लावायला वापरतात, असा मोठा गैरसमज होतो. फुंकनळीच्या बाणांना विष लावण्यासाठी फायलोबेटिस प्रजातीतल्या तीनच जाती वापरल्याची खात्रीशीर नोंद आहे : टेरिबिलिस, बायकलर आणि ऑरोटेनिया. तिन्ही कोलंबियाच्या पॅसिफिक बाजूच्या. तिथले एंबेरा आदिवासी टेरिबिलिसच्या पाठीवर बाणाचे टोक नुसते घासत, कारण १९७८ मध्ये वर्णन झालेल्या या जातीच्या त्वचेत बॅट्रॅकोटॉक्सिन भरपूर असते. हे विष चेतापेशी व स्नायूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवते, त्यामुळे हृदय बंद पडते. उलट हायलोक्झॅलस, कोलोस्टेथस या प्रजातींतले कितीतरी बेडूक तपकिरी असून त्यांच्यात विष नसते किंवा नगण्य असते. तरीही ते याच कुलातले.

पूर्वी वर्गीकरणात दातांना फार महत्त्व होते. भडक रंगाचे बेडूक वरच्या जबड्यात दात असले की फायलोबेटिस, नसले की डेंड्रोबेटिस. पण दात ही पूर्वजांकडून आलेली खूण असल्याने दूरचे नातलगही एकत्र पडत. म्हणून १९७८ मध्ये फायलोबेटिस हे नाव बॅट्रॅकोटॉक्सिन असलेल्या जातींपुरते मर्यादित केले गेले. २००६ च्या मोठ्या फेरमांडणीत डीएनए व शरीररचना एकत्र तपासून अरोमोबॅटिडी हे कुल वेगळे काढले गेले आणि उरलेल्यांची कोलोस्टेथिनी, हायलोक्झॅलिनी व डेंड्रोबॅटिनी अशी तीन उपकुले झाली. ऊफॅगा, रॅनिटोमेया, अमिरेगा ही प्रजातींची नावे आज याच मांडणीत वापरली जातात.

खरी फसगत रंग करतो. सुरिनामचा निळा ‘अझुरियस’ १९६९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. आता तो डेंड्रोबेटिस टिंक्टोरियसचेच एक रूप मानला जातो. पनामाच्या बोकास देल तोरो बेटांवर ऊफॅगा प्युमिलिओ कुठे लाल, कुठे हिरवा, कुठे निळा. जात मात्र एकच. पेरूत याच्या उलट घडते. रॅनिटोमेया इमिटेटर त्या-त्या भागातल्या दुसऱ्या जातींचे रूप घेतो, म्हणजे दिसायला एक आणि जाती दोन.

म्हणून अभ्यासासाठी पकडलेल्या नमुन्याचा जिवंतपणीच फोटो घ्यावा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. नराच्या हाकेच्या ध्वनिमुद्रणासोबत हवेचे तापमान लिहावे. त्यानुसार हाकेचा वेग बदलतो. डीएनएसाठी ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिन (नमुने टिकवण्याचे द्रावण) वापरण्याआधी काढून इथेनॉलमध्ये ठेवावा, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. नेमके ठिकाण लिहिले नसेल, तर बाकी सारे असूनही नमुना अर्धवटच.

जात ठरवताना विषाचा पुरावाही जपून वापरावा. त्वचेतली अल्कलॉइडे, म्हणजे विषारी रसायने, मुंग्या, ओरिबॅटिड माइट (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव) अशा भक्ष्यातून येतात. फळमाश्यांवर वाढवलेला बेडूक बिनविषारी निघतो, त्याची जात काही बदललेली नसते. पाळलेल्या बेडकांत वेगवेगळ्या ठिकाणची रंगरूपे एकत्र ठेवली तर संकर होतो आणि पिल्लांचे मूळ ठिकाण कायमचे हरवते.

पिल्लांचे संगोपन हाही नात्याचा बोलका धागा आहे. बहुतेक जातींत आई किंवा बाप भैकेरांना (शेपटीवाल्या पिल्लांना) पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत नेतो. ऊफॅगाची मादी एकेका भैकेराला ब्रोमेलिया या वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यातल्या पाण्यात सोडते आणि काही दिवसांनी परत येते. ती पाण्यात उतरताच भैकेर अंग ताठ करून तिच्याभोवती थरथरतो. मग ती त्याच्यासाठी न फळलेली अंडी घालते. ऊफॅगा म्हणजे ‘अंडी खाणारा’.